दोन वीत दोन बोटं

अण्णा घरात बसून होते त्या सात महिन्यांत आमच्याकडं कुणी धड जेवलं नाही. अन्न होतं, भूकही होती. पण ताटावर बसलं की अण्णांची काठी सुरू व्हायची. ओसरीच्या फरशीवर टक, टक, टक. हायवेवरून एखादा ट्रक गेला की टकटक थांबायची, अण्णा मान वाकडी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "ह्याचा डावा पाटा मोडलाय. खंबाटकी चढत न्हाई हा." ट्रक खंबाटकीचा घाट चढला की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही. काठी पुन्हा सुरू. आई भाकरी थापताना त्याच ठेक्यात थापायला लागायची, मग तिच्या लक्षात आलं की चिडून पीठ परातीत आपटायची. पिठलं, खरडा, कधी घेवड्याची भाजी, असं जे काही समोर येईल ते आम्ही पोस्टात शिक्के मारावेत तसं गिळायचो आणि उठायचो. कुणालाच बसवत नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, ड्रायव्हर होते. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवरून माणसं, शेरडं, दुधाचे कॅन, चाऱ्याचे भारे बाजाराला आणायचे आणि परत न्यायचे. त्यांची पिकअप सरकारी लिलावातली, तेव्हाच जुनी. पुढं सलग एकच बाकडं, मागं लोखंडी हौदा. तिच्यासारखी गाडी आज लोक शोधून, रंगवून बंगल्यापुढं ठेवतात, लग्नाला भाड्यानं देतात. गाड्यांच्या सुट्या भागांच्या माझ्या दुकानात अशा हौशी लोकांचे फोन येतात, गाडी पुढनं खाली घ्यायची आहे, छान दिसते म्हणून. मी त्यांना विचारते, रोज कुठं जाणार? उत्तर आलं नाही की माल देत नाही.

अण्णांची गाडी पुढनं खाली नव्हती, वर होती. चाकाच्या वर धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, त्यांना आमच्याकडं पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं तेच झेलतात. वाड्यांच्या रस्त्याला मधोमध दगड उघडे पडलेले, ते गाडीच्या पोटाला लागू नयेत म्हणून अण्णांनी पुढच्या दोन्ही बाजूंना जादा पाटे घालून घेतले होते. गाडी फणा काढल्यासारखी उभी राहायची. अण्णांना तिचा फार अभिमान. बाजारात ती लांबून ओळखू यायची आणि तिच्यातून उडी मारून उतरणारे अण्णाही.

मग एकदा हौद्यात चढून भारे रचताना ते खाली पडले आणि डावा खुबा मोडला. हाड जुळलं, पण पाय एका उंचीपर्यंतच उचलला जायचा. त्याच्यावर एक बोटभरही नाही. उजवा पाय आधी टाकून बघितला, तर सगळा भार डाव्यावर येऊन कळ डोक्यात जायची. दोघांनी उचलून गाडीत बसवलं की गडी पहिल्यासारखा. क्लच, ब्रेक, सगळं व्यवस्थित. अडचण फक्त चढायची. आणि दोघांनी उचलून बसवणं अण्णांनी एकदाच करू दिलं. नसरापूरच्या स्टँडवर कुणीतरी हसलं, किंवा हसल्यासारखं त्यांना वाटलं, तेवढं पुरलं.

"स्टूल ठेवू का?" मी विचारलं होतं.

"स्टूलावरनं चढायला म्या काय नवरदेव हाय?"

दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली. पहिल्याच खेपेला दगडाला लागून ती वाड्यांच्या रस्त्यात राहिली. ती खेप शेजारच्या एकानं नेली होती आणि त्यानं परत आल्यावर अण्णांना चार गोष्टी ऐकवल्या. त्यानंतर गाडी अंगणात आणि अण्णा ओसरीवर.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कुणी भलत्या अर्थानं वाचणार नाही. मला पुण्याला आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात जागा मिळाली होती. पत्र येऊन पडलं होतं, बॅग भरून खाटेखाली होती. रोज रात्री मी पायानं चाचपून बघायची, आहे ना. आईनं स्पष्ट सांगितलं होतं, "अण्णा गाडीवर गेलं की तू जा. तवर न्हाई. म्या एकटी ह्या माणसाला बघू, का शेरडांना?" तिचं बरोबर होतं. तेव्हा जे केलं ते मी वडिलांच्या प्रेमापोटी केलं असं नाही. मला घरातून निघायचं होतं. अण्णांना गाडीत चढवल्याशिवाय ते होणार नव्हतं, एवढा सरळ हिशेब.

मी अण्णांचं चढणं बघायला लागले. देवळाची उंच पायरी त्यांना जमत नव्हती, पण आमच्या घराचं जोतं ते कुणाला हात न लावू देता चढायचे. मी जोतं मोजलं. घरात टेप नव्हती. अण्णाच सगळं वितीनं आणि बोटांनी मोजायचे, आम्हीही तेच शिकलेलो. जोतं दोन वीत दोन बोटं. गाडीत पाय ठेवायची कड दोन वीत सहा बोटं. फरक चार बोटांचा. पाटे कमी केले तर गाडी पुढनं चार बोटं खाली येईल, आणि दार पुढच्या चाकालगतच होतं.

जेवताना मी हे सांगितलं. काठी थांबली.

"माझी गाडी खाली घ्यायची?" अण्णा म्हणाले. "आख्ख्या वेल्ह्यात एवढी उंच गाडी कुणाची न्हाई."

"व्हय," आई म्हणाली. "आन् आख्ख्या वेल्ह्यात कुणाचीच गाडी शेरडं बांधायला वापरत न्हाईत." आमची दोन शेरडं तेव्हा खरोखरच गाडीच्या बंपरला बांधलेली होती. "मान वर ठिवून बसा तुमी हितंच. म्या भाकरी आणून देते ओसरीवर, जलमभर."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला, खाल्ला नाही. "शब्बीरला बोलवा," एवढंच म्हणाले.

शब्बीरचाचा भोरचे. पाट्यांचं काम करणारा त्यांच्यासारखा माणूस त्या भागात दुसरा नव्हता. अण्णांचे जादा पाटे त्यांनीच घातलेले. मी एसटीनं भोरला जाऊन त्यांना गाठलं. ते भट्टीपुढं बसून एक पाटा सरळ करत होते. मी सांगितलं, "चाचा, पुढनं चार बोटं खाली घ्यायचीय." त्यांनी मान हलवली. हातोडा चालूच. माझं सगळं शहाणपण तिथं संपलं, पण ते मला नंतर कळलं.

ते आले त्याच्या आधी दोन दिवस मी गंजलेल्या सगळ्या नटांना डिझेल पाजून ठेवलं होतं. चाचांनी गाडीखाली डोकं घातलं, नट बघितले, मला बघितलं. "हे कुनी केलं?"

"म्या."

"बस मग हितं. पाना धर."

दिवसभर आम्ही गाडीखाली होतो. जॅक लावून, लाकडी ठोकळ्यांवर गाडी टेकवून, चाकं काढून. एकेक पाटा सुटायचा तेव्हा गंजाचा भुगा तोंडावर पडायचा. अण्णा खाट ओढून पुढं बसलेले. "शब्बीर, बुश बघ. शब्बीर, तो बोल्ट उलटा न्हाई ना? सुमे, हात काढ तिथनं, बोट जाईल."

"अण्णा, तुमी गाडी चालवायला शिकायच्या आदी म्या पाटे घालतोय," चाचा खालून म्हणाले.

"म्हनूनच बघतोय. तवाचं तुझं काम म्या पाह्यलंय."

चाचांनी दोन्ही बाजूंनी दोन-दोन पाटे काढले, चाकं लावून गाडी खाली सोडली, दाराशी बसून बोटांनी कड मोजली, मान हलवली. "अजून एक." मी पाना उचलला. तिसरा पाटाही दोन्ही बाजूंचा निघाला. काढलेले सहा पाटे चाचांनी पोत्यात भरले. आमच्याकडं रीत अशी की काढलेला पाटा कारागिराचा. त्या पोलादाला धार फार चांगली येते, तो त्याचे कोयते करतो आणि एक हत्यार त्या घरच्या बाईला फुकट घडवून देतो. आईनं विळी सांगितली. "पातं लांब करा चाचा, भोपळा एका दमात कापला पायजे."

चाचा एसटीला गेले आणि अण्णा उठले. आम्ही दोघी बाजूला झालो. आईनं शेरडांना चारा घालायचं निमित्त काढलं, मी पाने पुसायचं. अण्णांनी काठी आत टाकली, दाराची दांडी धरली, डावा पाय उचलला, ठेवला. पुढच्याच क्षणी ते आत होते.  त्यांनी हॉर्न दाबला. शेरडं उड्या मारून दोर तोडायला निघाली आणि आई आमच्या दोघांच्या नावानं ओरडली, पण ती सात महिन्यांनी नुसतंच ओरडत होती, चिडत नव्हती.

त्या संध्याकाळी मी गाडीच्या पुढं वाकून पोटाखाली हात घातला. पूर्वी माझा हात कोपरापासून उभा राहायचा. आता मनगट वाकवावं लागलं. मी कड मोजली. दोन वीत, फक्त. दोन बोटं जास्त उतरली होती. मग मी माझा हात बघितला, आणि मघाशी दाराशी बसून कड मोजणारा चाचांचा तो घणाच्या दांड्यासारखा हात आठवला. त्यांची चार बोटं म्हणजे माझी सहा.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी पुन्हा ठोकळ्यांवर गेली असती, चाचा कधी येतील तेव्हा आले असते, आणि माझी बॅग खाटेखाली राहिली असती. आठवडाभर अण्णा नसरापूर, कापूरहोळ, किकवी असे डांबरी रस्त्यानं हिंडले. घर एकदम शांत झालं. जेवण जेवणासारखं झालं. एसटीच्या कंडक्टरकडून चाचांनी विळी पाठवली, आईनं तिच्यावर पहिलाच भोपळा एका दमात कापला आणि म्हणाली, "जा तू आता सोमवारी." मी हसले. रात्रभर जागी होते.

वेल्ह्याच्या बाजाराला अण्णा वाड्यांवर निघाले तेव्हा मी म्हणाले, मी पण येते. "कशाला?" "असंच."  वेल्हे सोडलं, डांबर संपलं. समोर तोरणा, खाली दगड. चढताना हौदा रिकामा होता, अण्णांनी वाकडंतिकडं करत गाडी वर काढली. दोनदा खालून खर्र आवाज आला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी समोर बघितलं.

परत येताना हौद्यात सात-आठ माणसं आणि ठकूमावशीची पाच शेरडं. ठकूमावशी वरच्या वाडीची, धनगराची, तोंडानं तिखट. तिला हौद्यात पुढं, आमच्या केबिनला टेकूनच बसायचं असे. ओढ्याच्या उतारावर सगळं ओझं पुढं आलं. चाकं ओढ्यात उतरली आणि गाडी धाडकन बसली. चाकं फिरेनात. पोटाखाली दगड.

"काय वं ड्रायवर," मागून ठकूमावशी ओरडली, "गाडी पानी बघून म्हशीवानी बसली का?"

हौद्यात हशा झाला. अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी दार उघडलं आणि उतरले. काठी टेकत पुढं गेले, पाण्यात उभं राहून वाकता येईल तेवढं वाकले. मीही उतरले. इंजिनाखालची तेलाची टाकी दगडावर टेकली होती. फुटली नव्हती. अजून वीतभर रेटली असती तर फुटली असती, आणि इंजिन तिथंच संपलं असतं.

अण्णांनी तेल टपकत नाही हे बघितलं, मग मला बघितलं. "तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"कवापास्नं?"

"त्याच सांजंला. माझ्या बोटांनी चार सांगितली, चाचांनी त्यांच्या बोटांनी काढली."

मला वाटलं आता थोबाडीत बसेल. अण्णांनी आपला हात पुढं केला, चार बोटं आडवी धरली. "धर तुझी." मी माझी त्यांच्याशेजारी धरली. माझी त्यांच्या तीनाएवढीसुद्धा नव्हती.  पाणी आमच्या पायांतून जात होतं, मागं शेरडं ओरडत होती.

"सोमवारी जायचं म्हनून गप ऱ्हायलीस," ते म्हणाले. मी मान हलवली. "बस स्टेरिंगवर."

"म्या?"

"म्या हितनं दगड बघनार. तू आत बस."

मी तोवर गाडी फक्त अंगणात पुढं-मागं केली होती. अण्णा मागं बघून ओरडले, "ठकूबाई! सगळी मागं सरका. पार मागं! शेरडं बी. पुडचा भार उचलू द्या."

"आता आमी पडायचं का मागनं?"

"पडली तर ओढ्यात पडशील. धुवून निघशील."

ठकूमावशीनं अशी शिवी दिली की मी इथं लिहीत नाही, पण ती सरकली. सगळी माणसं आणि पाच शेरडं हौद्याच्या मागच्या फळीला चिकटून उभी राहिली. गाडीचं नाक उचललं, फार नाही, एक बोट. "आता मागं घे. हळू. हळू म्हंजे हळू, सुमे!" मी क्लच सोडला. खालून एक लांब खर्र झालं, दात शिवशिवले, आणि गाडी सुटून मागं आली. मग अण्णांनी काठीनं पाण्यात वाट दाखवली, एकेक चाक कुठून न्यायचं ते, आणि मी ओढा पार केला. अण्णा पाण्यातून चालत आले, स्वतः चढले. मी सरकून डावीकडं बसले. 

दुसऱ्या दिवशी मी भोरला गेले. प्रत्येक बाजूला एक पाटा परत घालायचा होता, तेवढंच. चाचांनी सगळं ऐकलं, आपला हात बघितला आणि कपाळावर मारून घेतला. मग कोपऱ्यातलं पोतं उपसलं. सहातले पाच पाटे संपले होते. कोयते होऊन विकले गेले होते, आणि हवे होते त्या दोन लांब पाट्यांतला एक आईच्या विळीत होता. दुसरा तेवढा शिल्लक.

"तुझ्या आईनंच पातं लांब सांगितलं," चाचा म्हणाले. "आता ह्या मापाचा पाटा पुन्याला शोदावा लागंल. येळ जाईल. तवर हा एकच एका बाजूला घालू का? पन गाडी कललेली दिसंल."

आज माझ्या दुकानात कुणी असं विचारलं तर मी त्याला बाहेर काढीन. एका बाजूला पाटा आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे काम नव्हे. पण मी तेव्हा विचार केला, गाडी कलणार असेल तर कुठं कललेली बरी. अण्णा उजव्या दारानं चढतात. पोट मध्यावर आहे. डावी बाजू उचलली तर पोट थोडं वर येईल, उजवी तशीच राहील.

"डावीकडं घाला," मी म्हणाले.

चाचांनी घातला. गाडी उजवीकडं झुकून उभी राहिली. अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चढले, पोटाखाली हात घालून बघायची खूण मला केली. माझा हात उभा राहत नव्हता, पण मनगट वाकवावं लागत नव्हतं. "पुरंल," ते म्हणाले. "बाकीचं म्या बगतो." आणि खरंच बघितलं. वाड्यांच्या रस्त्यावरचा एकेक दगड त्यांनी पाठ केला. पुण्याहून पाटा आणायचं कुणी पुन्हा काढलं नाही. बाजारात लोक हसायचे, अण्णांची गाडी लंगडते म्हणून. पण आता हसणं ऐकू आलं की अण्णा हॉर्न वाजवायचे.

सोमवारी त्यांनीच मला नसरापूरच्या फाट्यावर सोडलं. बाकडं सलग, गाडी उजवीकडं झुकलेली, त्यामुळं प्रत्येक खड्ड्याला मी त्यांच्याकडं घसरत होते. आम्ही एकमेकांना चिकटून बसणारी माणसं नव्हतो. मी दाराची कडी धरून स्वतःला सावरत होते, पुन्हा घसरत होते. अण्णा समोर बघत म्हणाले, "सोड ती कडी. तुटंल." मी सोडली. फाट्यापर्यंत तशीच बसले.